श्वासाकडे पाहा: जालन्याच्या भूलविद्येचा मागोवा

जालना हे निजामाच्या राज्यातील छावणीचे गाव होते, त्या काळी त्याच राज्याच्या राजधानीत, 1888 आणि 1889 या दोन वर्षी, क्लोरोफॉर्मची भूल रोग्याच्या प्राणावर नेमकी कोणत्या मार्गाने बेतते हे ठरविण्याकरिता दोन आयोग बसले. आणि सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंडांची तजवीज केल्यामुळे लॉडर ब्रन्टन यांच्यासारखे विख्यात औषधशास्त्रज्ञ विलायतेहून हैदराबादेस आले, ही हकीकत आमच्या जिल्ह्यात फारशी कोणाला ठाऊक नाही. या आयोगांमागचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांची शिकवण अशी की, भूल देणाऱ्याने नाडीवर विसंबू नये, श्वासाकडे पाहावे. हृदयाला क्लोरोफॉर्मपासून थेट धोका नाही हे त्यांचे अनुमान पुढे टिकले नाही. 1911 च्या सुमारास लेव्ही या संशोधकाने हलक्या भुलीतही हृदय अकस्मात बंद पडू शकते असे दाखविले. परंतु श्वासाविषयीचा आग्रह मात्र आजही शिरोधार्य आहे. हैदराबादच्याच वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांची गणना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत होते.

या कीर्तीचा लाभ मराठवाड्याच्या तालुक्यांना मिळाला नाही. 1948 साली निजामी अंमल संपला, 1956 मध्ये औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, 1981 मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला; तरी भूलविद्या शिकावयाची तर विद्यार्थ्याला औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयाची, म्हणजे घाटीचीच वाट धरावी लागे. भूलतज्ज्ञ नाही, एवढ्याच कारणाने सिझेरियनची बाई ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवावी लागणे, हे दुःख साऱ्या देशाचे होते. त्यावर सरकारने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना 18 आठवड्यांत प्रसूतीपुरती भूल शिकविण्याची योजना काढली. ती तात्पुरती सोय होती हे मान्य करूनही, तिने पुष्कळ प्राण वाचविले असतील असे मला मनापासून वाटते.

पुढे बदनापूरजवळ वरुडी येथे खाजगी महाविद्यालय उभे राहिले, आणि 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याचेही 100 जागांचे महाविद्यालय होते. आता प्रश्न शिकविण्याच्या रीतीचा आहे. 2021 च्या नियमांनुसार आंतरवासितेत बधिरीकरण व अतिदक्षता यांच्या वाट्याला अवघे दोन आठवडे येतात. या मुदतीत विद्यार्थ्याच्या हाती काय यावे? डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मास्क चेहऱ्यावर घट्ट धरावयाचा, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावरच ठेवून जबडा वर उचलावयाचा आणि उजव्या हाताने मास्कला जोडलेली श्वासाची पिशवी दाबावयाची; बोटे हनुवटीखालच्या मऊ मांसात रुतली की जीभ मागे ढकलली जाऊन श्वासमार्गच बंद होतो, आणि मग पिशवी कितीही दाबली तरी छाती उठत नाही. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींची आहे, हाताला मात्र ती वारंवार केल्याशिवाय येत नाही. कोविडच्या काळात, कित्येक दवाखान्यांत व्हेंटिलेटर आले पण ते चालविणारे हात अपुरे पडले, तेव्हा या कौशल्याची किंमत सर्वांनाच कळली.

जालन्याची पहिली तुकडी 2029 च्या आसपास आंतरवासितेला येईल. तिला ऑपरेशन थिएटरच्या भिंतीशी उभे करून ठेवू नये. पहिल्याच दिवशी वरिष्ठांच्या नजरेखाली मास्क तिच्या हाती द्यावा, आणि दोन आठवड्यांचे चार करण्याचा प्रस्ताव वरच्या दप्तरात आजच रुजू करावा.