मर्गाची वही

जिल्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि तेरवीची निमंत्रणे यांच्या शेजारी, चार-सहा ओळींच्या तुकड्यांत जी पोलीसवार्ता छापली जाते, ती यवतमाळात घरोघरी मन लावून वाचली जाते. आणि त्यात गैर असे काही नाही, कारण काल रात्री कडीकोयंडा तुटला तो कोणाच्या घराचा, बसस्थानकावर गाडीत चढताना जिचे मंगळसूत्र गेले ती बाई कोणत्या गावची, हे विचारणे हाही शेजारधर्माचाच एक भाग आहे. परंतु आठवडाभराची ही कात्रणे एकत्र ठेवून वाचली, तर त्यांवरून जिल्ह्याचे जे चित्र मनात उभे राहते ते अपुरेच असते. जी नोंद एखाद्या कुटुंबाचे पुढचे सारे आयुष्य ठरवीत असते, तिला त्या पानावर दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. त्या नोंदीची वही वेगळी आहे, आणि तिच्याविषयीच मुख्यतः लिहावयाचे आहे. मात्र तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी ठाण्यातील इतर वह्यांची ओळख करून घेणे प्राप्त आहे.

ठाणे यवतमाळ शहरातील असो, अवधूतवाडीचे असो, की दूर झरी-जामणीकडचे असो, तेथील आठवडा स्टेशन डायरीतून चालतो. कोणता अंमलदार किती वाजता गस्तीवर गेला, कोणता आरोपी न्यायालयात नेला, कोण तक्रार घेऊन आले, हे सारे त्या रोजनाम्यात वेळेसह उतरत असते. आलेली तक्रार दखलपात्र अपराधाची असेल, तर तिची प्रथम खबर नोंदविली जाते. १ जुलै २०२४ पासून हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे होते, त्यापूर्वी ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १५४ प्रमाणे होत असे. त्या खबरेची नक्कल फिर्यादीला विनामूल्य मिळावयास हवी, आणि सांगितलेल्या हकीकतीवरून दखलपात्र अपराध उघड दिसत असेल तर ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात दिला आहे. शिवीगाळ, साधी धक्काबुक्की, धुऱ्यावरून झालेली तोंडातोंडी हे विषय बहुधा अदखलपात्र ठरतात. त्यांची नोंद निराळी होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. कोऱ्या चेहऱ्याने ठाण्याच्या पायऱ्या उतरणारा खेडूत 'माझी तक्रारच घेतली नाही' असे जे म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हा भेद कोणी समजावून न सांगितल्याचे दुःख असते. समजावून सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे देणे हेही ठाणे अंमलदाराच्या कर्तव्यात मोडते, असे माझे मत आहे.

आता आठवड्याकडे वळू. या जिल्ह्यातील गुन्ह्यांना ऋतू असतात, ही गोष्ट मोठ्या शहरातील वाचकाच्या सहसा ध्यानात येणार नाही. मृगाच्या तोंडावर 'चोरबीटी'ची, म्हणजे मान्यता नसलेल्या तणनाशकसहिष्णू कपाशीच्या बियाण्याची पाकिटे पकडली जातात, आणि तेव्हा कृषी खात्याचे निरीक्षक फिर्यादी होतात. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटली की शेतातला वेचलेला कापूस रातोरात नाहीसा होतो. रब्बीचे ओलित सुरू झाले की विहिरीवरचे मोटारपंप आणि त्यांची तांब्याची केबल यांवर चोरांची दृष्टी जाते. आणि थंडीच्या दिवसांत वणी, मारेगाव, झरीच्या बाजूला रानात भरणाऱ्या कोंबडबाजारावर छापे पडतात. भूगोलाचाही वाटा मोठा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सुमारे पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती; त्यामुळे मधल्या नदीच्या अलीकडचे दारूचे दुकान आणि पलीकडचा गिऱ्हाईक यांमधील वाटेवर नाकाबंदी हा नित्याचा प्रकार होऊन बसला. दक्षिणेस पांढरकवड्यावरून हैदराबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जनावरांची वाहने अडविली जातात, पैनगंगेच्या पात्रात रेतीचे ट्रॅक्टर सापडतात, वणीच्या खाणपट्ट्यात कोळसा चोरीला जातो. यातील एकेका विषयावर स्वतंत्र लेख होऊ शकेल; परंतु मालाची चोरी ही अखेर मालाची चोरी असते, आणि गेलेला पंप पुन्हा विकत घेता येतो.

ज्या भाषेत हे सर्व लिहिले जाते तिच्याकडेही क्षणभर पाहावे. 'सदर इसम', 'मजकूर फिर्यादी', 'मौजे', 'मुद्देमाल', 'जबाब', 'हद्द' ही शब्दसंपत्ती बहमनी-निजामशाहीच्या दप्तरांतून आपल्याकडे आली आणि राज्ये बदलली तरी ती बदलली नाही. 'पंचनामा' या एका शब्दात संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा' शेजारी शेजारी सुखाने नांदतात. 'फिर्याद' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ टाहो, आक्रोश असा आहे, हे ध्यानात ठेवून एखादी फिर्याद वाचली, तर तिच्या कोरड्या ओळींमागचा कंठ ऐकू येऊ लागतो. असाच एक शब्द 'मर्ग'. फारसीत मर्ग म्हणजे मृत्यू. मुंबई-पुण्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद 'एडीआर' या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते, आणि विदर्भात मात्र अजून 'मर्ग दाखल झाला' असेच म्हणतात. कारण वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूरच्या कारभाराखाली राहिला, व त्या कारभाराचे शब्द येथील ठाण्यांत टिकून राहिले. मध्यप्रदेशात आणि छत्तीसगडात आजही पोलीस 'मर्ग कायम' करतात.

मर्गाची वही ती हीच.

विहिरीत पडून, वीज कोसळून, सर्पदंशाने, अपघाताने, विषाने किंवा स्वतःच्या हाताने आलेला जो जो मृत्यू नैसर्गिक नव्हे, त्याची खबर ठाण्यात येताच मर्ग दाखल होतो. खेड्यात ही खबर देण्याचे काम पोलीस पाटलाचे. वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने हा पाटील नेमणुकीचा झाला. नव्या संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवून जागेवर जावयाचे, गावातील दोन अथवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष प्रेताची पाहणी करून मृत्यूचे दिसणारे कारण लिहावयाचे, आणि तो अहवाल २४ तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचा, अशी रीत आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली असेल, किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल, तर शवविच्छेदन टाळता येत नाही. इंग्लंडात या कामासाठी ११९४ पासून कॉरोनर नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. मुंबई शहरातही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तो होता. मोफसलात मात्र मृत्यूच्या चौकशीचा सारा भार प्रथमपासून पोलिसांवरच आहे, आणि प्रत्यक्षात तो बीट सांभाळणाऱ्या हवालदारावर पडतो.

या वहीचा आणि यवतमाळचा संबंध केवळ कायद्याचा नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपविली, आणि शेतकऱ्याचा मृत्यू हा सार्वजनिक विचाराचा विषय होण्यास तेथून आरंभ झाला. ती घटना वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ घडल्यामुळे यवतमाळच्या माणसाच्या मरणाचे कागद परजिल्ह्याच्या हद्दीत झाले. त्या काळी आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ अस्तित्वात होते, त्यानुसार आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे, आणि वाचलेला माणूस रुग्णालयाच्या खाटेवरच आरोपी ठरत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने अशा माणसाला तीव्र ताणाखालील व्यक्ती मानावयाचे ठरविले, व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरले नाही. कायदा बदलला, पण पोलिसांचे नाव निघताच घरातल्या माणसाचे दुखणे झाकून ठेवण्याची, उपचाराला विलंब करण्याची जी सवय त्या कलमाने लावली, ती एका दिवसात जाणारी नाही.

शासनाने २३ जानेवारी २००६ च्या निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरविले, त्यातील तीस हजार तत्काळ हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे येते आणि तेथे ते 'पात्र' अथवा 'अपात्र' ठरते. समिती काय पाहते? जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे आहे काय, कर्ज मान्यताप्राप्त बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय. सातबारा तलाठ्याकडून येतो, थकबाकीचा दाखला बँकेतून येतो. परंतु मृत्यू कसा व कशामुळे झाला याचा पुरावा मात्र ठाण्यातून येतो. मर्ग खबर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि व्हिसेरा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेला असेल तर तिचा निष्कर्ष, एवढे कागद जुळेपर्यंत विधवेच्या चकरा थांबत नाहीत. पहिल्या दिवशी, शोकाच्या भरात, शेजाऱ्याने कोणतेसे कारण सांगितले आणि हवालदाराने ते तसेच लिहिले, 'घरगुती वादातून' किंवा 'दारूच्या व्यसनातून' एवढेच, तर पुढे कर्जाची सारी कागदपत्रे जोडूनही ते दोन शब्द पुसले जात नाहीत. माणसाच्या मरणाला एकच कारण असते, ही समजूतच मुळी चुकीची आहे. जो पिऊ लागला तो कर्जापायी पिऊ लागला की कसे, हे घटनास्थळी अर्ध्या तासात ठरत नसते, आणि म्हणून मर्गात कारणाचा रकाना भरताना जी सावधगिरी लागते ती खुनाच्या तपासातील सावधगिरीहून रतिभरही कमी नसावी. शेत पतीच्या नव्हे तर सासऱ्याच्या भावाच्या नावे असणे, दुसऱ्याची शेती मक्त्याने केलेली असणे, यांमुळे किती घरे अपात्रतेच्या बाजूला गेली, ते या जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले, ही गोष्ट या जिल्ह्याने आपले दुःख लपवून ठेवले नाही याची साक्ष म्हणून मला महत्त्वाची वाटते.

मर्गाच्या वहीत कधी कधी एकाच कारणाच्या नोंदी एकामागून एक येऊ लागतात, आणि तेव्हा ती वही जिल्ह्याची नाडी सांगू लागते. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद असताना वणी येथे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सात माणसे दगावली. त्याआधी, २०१७ च्या पावसाळ्याअखेर, कपाशीवर कीटकनाशक फवारता फवारता विषबाधा होऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेकडो शेतकरी-शेतमजूर दाखल झाले आणि जिल्ह्यात वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोहोचली होती. फवारा अंगावर, तोंडावर येत होता. कोणाच्या हातात मोजे नव्हते, की तोंडावर मुसके नव्हते. प्रारंभी एकेक रुग्ण वेगळा वाटत होता. विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालय ठाण्याला कळविते, ठाण्याचा माणूस खाटेशी जाऊन जबाब घेतो, वाचला तर एक कागद, गेला तर मर्ग. असे कागद साचत गेले, आणि अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले जाईपर्यंत तेच त्या आपत्तीचे लेखी स्वरूप होते.

या कागदांचा पुढचा प्रवास फारसा कोणी सांगत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ पीडित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या शासकीय संपर्ककेंद्राकडे सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तक्रार गेली, आणि दोन मृतांच्या कुटुंबीयांनी व एका बचावलेल्या शेतकऱ्याने कंपनीचे मुख्यालय असलेल्या बासेल शहरात दावाही केला. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली. परंतु त्या तक्रारीच्या मुळाशी जे अधिकृत कागद होते, ते यवतमाळ पोलिसांचे होते: 'पोलो' या कंपनीच्या एका कीटकनाशकाशी संबंधित विषबाधेच्या ९६ नोंदी, आणि त्यांपैकी दोन मृत्यूंच्या. विषबाधा झालेल्याच्या जबाबात फवारलेल्या औषधाचे नाव लिहिलेले नसते, नुसते 'कीटकनाशक' एवढेच लिहिलेले असते, तर सुमारे सात हजार किलोमीटरांवरच्या त्या शहरात विचारण्यासारखा प्रश्नच उरला नसता. रुग्ण ग्लानीत, नातेवाईक भांबावलेले, दाराशी पुढची रुग्णवाहिका, आणि अशा वेळी कोणीतरी वही पुढे ओढून विचारले होते: डबीवर नाव काय होते?