कान्हेरीच्या चढावरचा ऑक्टोबर

"एकशे अठ्ठेचाळीस!" ती पुढून ओरडते.

"चालेल," सर मागून म्हणतात.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नुकतं उजाडलंय. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत जाणारा हा डांबरी रस्ता साधारण सहा किलोमीटरचा. सुरुवातीला सपाट, झाडी दाट झाली की हळूहळू चढणारा आणि लेणी जवळ आली की थेट मांड्यांना भिडणारा. ती पुढे धावतेय. मी आणि तिचे सर सायकलवर, वीस-पंचवीस पावलं मागे. सरांच्या हँडलला पाण्याच्या दोन बाटल्या लटकताहेत. मनगटावरच्या घड्याळात दिसणारे हृदयाचे ठोके तिनं थोड्या थोड्या वेळानं मोठ्यानं सांगायचे, असा नियम आहे. आकडा दीडशेच्या वर गेला की वेग कमी करायचा. चढ असला तरी, मागून कुणी आलं तरी.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चाललाय. मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि त्यानंतर जो उकाडा सुरू होतो तो उपनगरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. इथं झाडांखाली ऊन नाही, पण जमीन अजून ओली आहे आणि वारा पडलाय. तिसऱ्या किलोमीटरलाच तिचा टी-शर्ट पाठीला चिकटलाय. कोपरांवरून घाम टपकतोय.

हे टपकणंच घातक, असं सर सायकल मारता मारता मला सांगताहेत. घाम अंगावर वाळला तर अंग थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. मग शरीर जास्तीचं रक्त त्वचेकडे पाठवतं, पायांच्या वाटणीचं कमी होतं आणि तोच वेग टिकवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून घड्याळातला वेग बघून धावणारे या महिन्यात फसतात. त्यांना वाटतं आपण मंदावलो, आणि ते आणखी जोर लावतात. ठोके बघून धावलं, तर दहा-पंधरा दिवसांत शरीर या हवेला सरावतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. सर कधीकाळी रेल्वेकडून लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेत. "आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. रोज जीव तोडून पळायचो आणि डिसेंबरात आजारी पडायचो," ते म्हणतात.

मागून पावलांचा आवाज येतो. सहा-सात जणांचा एक गट, एकसारखे पोपटी टी-शर्ट, चांगल्या वेगात. हाशहुश करत ते आमच्या बाजूनं निघतात आणि तिलाही मागे टाकतात. त्यातली एक मुलगी वळून हसते, ओळखीची असावी. सरांच्या शिष्येच्या खांद्यांत लगेच फरक पडतो. हात जोरानं हलू लागतात, टाचा वर उचलल्या जातात.

"आकडा?" सर विचारतात.

उत्तर नाही.

"अगं, आकडा सांग."

"एकशे एकसष्ट."

"जाऊ दे त्यांना."

ती मंदावते. पोपटी टी-शर्ट वळणाआड दिसेनासे होतात. ती मागे वळून बघत नाही, पण मान ताठ झालीय आणि पुढचा किलोमीटरभर तिचे आकडे नुसते फेकल्यासारखे येतात. मला तिचं वाईट वाटतं. वीस-एकवीस वर्षांच्या, पायांत ताकद असलेल्या मुलीला आपल्यापुढे दुसऱ्यांना जाऊ देणं किती जड जात असेल! पण आज इथं नेमकं तेवढंच काम आहे, आणि ते जमणं हीच कमाई, असं मला मनापासून वाटतं. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी रस्त्याच्या दुतर्फा ढोल वाजतात, पेडर रोडच्या चढावर लोक अनोळखी धावपटूंना संत्र्याच्या फोडी देतात. ते सगळं मला आवडतं. पण तिथं टिकणारा दम आत्ता, या घामट सकाळी, कुणी बघत नसताना तयार होतोय.

ती धावणार आहे अर्धमॅरेथॉन, २१.१ किलोमीटर. सरांच्या मनात मात्र पुढचंही आहे. ते ललिता बाबरचं नाव काढतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत धावून भारतीय महिलांत पहिली आली. त्याच वर्षी जूनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. "आधी अंतर पचवलं, मग वेग आला," सर म्हणतात.

त्यांचा दुसरा दाखला ऐकून मी सायकलवर जरा सावरून बसतो, कारण तो थेट बर्फातला आहे. याच दिवसांत नॉर्वेत क्रॉस-कंट्री स्कीचे खेळाडू चाकं लावलेल्या रोलर स्कीवरून डांबरी रस्ते पालथे घालतात. त्यांचा विश्वचषक नोव्हेंबरच्या शेवटी फिनलंडमधल्या रुकाला सुरू होतो, तोवर बर्फाची वाट बघत कोण बसणार? मारित ब्योर्गेन या नॉर्वेच्या बाईंनी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १५ पदकं मिळवली. त्यांच्या सरावाच्या नोंदींवर अभ्यासकांनी लिहिलंय. ऐन भरात त्या वर्षाला नऊशेहून अधिक तास सराव करत आणि त्यातले बहुतेक तास हलक्या गतीचे असत. आपल्याकडे कोडगूची भवानी तेक्कड नंजुंडा याच खेळात भारताकडून उतरते, आणि कोडगूत काही बर्फ पडत नाही. सर हे सगळं तिला पुन्हा पुन्हा सांगतात. आज तिला ते ऐकायचं नाहीये.

रस्ता आता उभा होतो. वानरांची एक टोळी कठड्यावर बसलीय. झाडांच्या मधे मोठ्या कोळ्यांची जाळी ताणलेली आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे रान बिबट्याचं आहे, म्हणून कानात गाणी लावायची नाहीत आणि एकटीनं पुढे निघून जायचं नाही, हे सरांचे आणखी दोन नियम. पण मला दिसतं ते असं, की सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांची वर्दळ असल्यामुळे एक तरुण मुलगी इथं निर्धास्त धावू शकते. गाड्यांचा धूर नाही, सावली आहे, चढ आहे. ज्यांना क्लब परवडत नाही आणि ज्यांच्या घराजवळ ट्रॅक नाही, त्यांच्यासाठी उपनगरात याहून चांगलं मैदान मला माहीत नाही.

लेण्यांच्या पायथ्याशी ती वळते. बाटलीतलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चार घोट पिते, उरलेलं मानेवर ओतते. उतारावर सर तिला पावलं छोटी ठेवायला सांगतात, गुडघ्यांवर धक्का नको. पोपटी गट पुन्हा दिसत नाही. ते पुढेच गेलेत, पुढेच राहिलेत.

दरवाजाजवळ सर पिशवीतून घरगुती वजनकाटा काढतात. निघण्यापूर्वीचं वजन वहीत आहेच. ती घाम पुसून काट्यावर उभी राहते: एक किलो चारशे ग्रॅम कमी. म्हणजे प्यायलेलं पाणी सोडूनही जवळजवळ दीड लिटर घाम गेला. दुपारपर्यंत किती प्यायचं, सोबत मीठ किती, हे सर वहीत लिहून तिच्या पुढ्यात धरतात. ती केळं सोलते, वहीकडे बघत नाही.

"सर, ती पोपटी गटातली माझ्याच कॉलेजची आहे. मागच्या वर्षी माझ्या मागे होती."

"बरं मग?"

"मग मला चढावर कधी सोडणार?"

"सोमवारी पार्क बंद. मंगळवारी बघू."

"बघू नको. मंगळवारी नक्की."

सर वही मिटतात. "शेवटच्या उभ्या टप्प्यावर, चार वेळा. खाली येताना चालत."

"सहा."

"चार."

"पाच तरी, सर!"

"आधी ते पाणी पी," सर म्हणतात आणि वही परत उघडतात.