*जुनी डिझेल गाडी घेताय? आधी टायमिंग चेनचा आवाज ऐका*



कापूस-संत्र्याचे पैसे हातात आले की बऱ्याच घरी जुन्या गाडीचा विषय निघतो. आपल्याकडे विचारणा जास्त असते ती स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा डिझेलची. यातल्या बऱ्याच गाड्यांत फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन आहे. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे आता मिळते ती जुनीच.

इंजिन चांगलं आहे, ॲव्हरेजही देतं. पण त्याची एक दुखरी जागा मेकॅनिक लोकांना पक्की ठाऊक आहे: *टायमिंग चेन.*

*बिघाड काय होतो?*
पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ही चेन ठेवते. तिला ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन झिजून लांबते. सायकलची सैल चेन दात सोडते ना, तसंच इथे होतं. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. स्वस्तात घेतलेली गाडी तिथेच महाग पडते.

*पाहायला जाल तेव्हा:*

1️⃣ सकाळी जा. "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं आधीच सांगा. बोनेटला हात लावून पहा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

2️⃣ थंड इंजिन सुरू करा. पहिल्या काही सेकंदांत साखळी घासल्यासारखी खडखड आली, तर सावध. "डिझेल आहे, आवाज येणारच" हे उत्तर मान्य करू नका.

3️⃣ ऑइल बदलल्याची बिलं मागा. साधारण दर 10,000 किमी किंवा वर्षाला एक नोंद हवी. बिलं नाहीत तर चेन झिजली आहे असं धरूनच भाव करा.

4️⃣ धक्का मारून सुरू करून दाखवत असतील, तर नको म्हणा. तेव्हा ऑइलचा दाब नसतो, सैल चेन दात सोडू शकते.

5️⃣ आपला मेकॅनिक न्या. विकणाऱ्याचा नको. स्कॅनर लावून कॅम-क्रँकचा कोड पाहायला सांगा.

*आवाज आहे, पण गाडी मनात भरली?*
चेन, टेन्शनर, गाइड आणि मजुरी यांचा अंदाज लेखी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करा. "नंतर करून देतो" यावर इसार देऊ नका.

*कागदपत्रं:* एम-परिवहन ॲपवर कर्जाचा बोजा, विमा आणि चलन पहा. फॉर्म 29 व 30 वर सह्या घ्या. गाडी एमएच 31, 40, 49 च्या बाहेरची असेल तर त्या आरटीओची एनओसी मागा.

सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहिल्याशिवाय आपण पेरत नाही. गाडीत तर त्याहून जास्त पैसा जातो. एक सकाळ द्या.

गाडी घेतलीच, तर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला. तारीख व किमी डायरीत लिहून ठेवा.

– आपला कृषी सल्लागार