पुडीतले आणि डब्यातले खाणे : देशोदेशीच्या काही गोष्टी



दरवेळी आम्ही ह्या पानावर लागण, खोडवा, नाहीतर हुमणी यांवर लिहितो. ह्या खेपेस विषय खाण्याचा आहे. त्याला कारण झाले ते असे.

मागच्या हंगामात तोडणीच्या पाहणीसाठी एका सभासदाच्या फडावर गेलो होतो. बांधावर तोडकऱ्याचा पाच-सहा वर्षांचा पोरगा बसलेला. हातात नूडलची पुडी. ती न शिजवताच, कोरडी, वर मसाला भुरभुरून कुडुम-कुडुम खात होता. सभासद म्हणाले, "बघा साहेब, काय खातंय ते! ह्या लोकांना कळतच नाही." त्याची आई मोळी बांधता-बांधता मान वर न करता म्हणाली, "कळतंय की सायब. पहाटं तीनला फडात यायचं, दिसभर मोळ्या, रात्री गाडी भरायची. भाकरी थापायची कवा? धा रुपयांत पोराचं पोट गप बसतंय."

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. पण घरी आल्यावर वाटले, जगात असले विचित्र खाणे ठिकठिकाणी आहे, ते सगळे काय अक्कल नाही म्हणून खातात? थोडे वाचले. सापडले ते वेगळेच.

आधी त्या नूडलचेच घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात अन्नाची मोठी टंचाई होती. अमेरिकेतून मदतीचा गहू येई आणि लोकांनी त्याचा पाव खावा असा सरकारी आग्रह. मोमोफुकू आंदो नावाच्या गृहस्थांना वाटले, आपली माणसे शेवया खाणारी, मग पाव कशाला? इकेदा गावी घरामागच्या खोपटात खटपट करून त्यांनी १९५८ साली झटपट नूडल बाजारात आणले. युक्ती साधी आहे. शिजवलेली शेवई गरम तेलात तळायची. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते निघून जाते आणि शेवईला बारीक-बारीक भोके पडतात. पुढे गरम पाणी ओतले की त्या भोकांतून ते आत शिरते व शेवई मऊ होते. पुडी महिनोन्‌महिने टिकते ती ह्यामुळे. पण तेल आत राहते ते राहतेच, आणि चवीसाठी मीठही बरेच. माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक पुड्यांत त्यातले दोन ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच असते. गंमत म्हणजे सुरुवातीला हा माल जपानात ताज्या नूडलपेक्षा महाग होता. गरिबाचे खाणे तो मागाहून झाला. आपल्या देशात 'दोन मिनिटांचे' नूडल १९८३ साली आले.

कोरियाची गोष्ट अशीच. स्पॅम म्हणून डुकराच्या मांसाचा एक डबा अमेरिकेत १९३७ पासून मिळतो. १९५०-५३ च्या कोरियन युद्धात अमेरिकन फौजेबरोबर हे डबे तिकडे गेले. लोक उपाशी होते. छावणीतून बाहेर आलेले मांसाचे तुकडे ते आपल्या तिखट रश्श्यात शिजवून खाऊ लागले. त्या रश्श्याचे नावच पडले 'फौजी छावणीचा रस्सा'. आज कोरिया श्रीमंत देश आहे, पण तो रस्सा हॉटेलात आवडीने खातात आणि सणाला ह्या डब्यांची पेटी भेट देतात. आपल्याकडे दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा देतात, तसे. स्कॉटलंडात चॉकलेटची वडी पिठात बुडवून तळतात, तो निव्वळ चोचला. तो सोडून देऊ.

खरी मनाला लागली ती सामोआची हकीकत. पॅसिफिक महासागरातली ही लहान बेटे. पूर्वी तेथील लोकांचे खाणे म्हणजे अळकुड्या, निरफणस, नारळ, मासे. मग गोऱ्या लोकांचे डबे आले. आधी वाटाण्याच्या सूपचे डबे आले म्हणतात. इंग्रजी 'पी सूप'चे तिकडच्या बोलीत 'पिसुपो' झाले, आणि पुढे खारवलेल्या गोमांसाच्या डब्यालाच पिसुपो म्हणू लागले. लग्नात, मयताला डब्यांची देवघेव होऊ लागली. त्यानंतर आल्या टर्कीच्या शेपट्या. टर्की हा कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी. त्याच्या शेपटीकडचा भाग नुसता चरबीचा गोळा असतो. अमेरिकेतले लोक तो फारसे खात नाहीत, म्हणून तिथल्या कारखान्यांनी तो गोठवून स्वस्तात बेटांवर धाडला. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून मेंढीच्या बरगडीखालचा चरबीचा पट्टा येई, तोही त्याच मार्गाने.

आपणही बगॅस नि मळी फेकून देत नाही, हे खरे. उपपदार्थाला गिऱ्हाईक शोधणे हा धंदाच आहे. (मळीपासून पुढे काय काय होते आणि कोण काय काय पितो, ते आम्ही इथे काढत नाही.)

परिणाम असा की मधुमेह आणि लठ्ठपणा जगात सर्वांत जास्त असलेल्या मुलखांत आज ह्या बेटांची गणना होते. सामोआ सरकारने २००७ साली शेपट्यांवर बंदी घातली. पण जागतिक व्यापार संघटनेत शिरायचे तर बंदी उठवा, असा आग्रह झाला. २०१२ साली सामोआ सभासद झाला, तो बंदी उठवण्याचे कबूल करून. भारी आयातकर लावण्याची तेवढी मुभा मिळाली. फिजीने मेंढीच्या पट्ट्यांवर २००० सालीच बंदी घातली होती. फिजी म्हटले की आपल्याला ऊस आठवला पाहिजे. १८७९ ते १९१६ ह्या काळात हिंदुस्थानातून साठ हजार करारी मजूर तिथे नेले, ते मुख्यतः उसाच्या कामासाठी.

आता आपल्या घरचे बोलू. मेक्सिको हा उसाचा देश आणि गोड शीतपेयांचाही मोठा गिऱ्हाईक. चामुला गावच्या देवळात तर पूजेतसुद्धा कोलाची बाटली ठेवतात. तिथल्या सरकारने १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरला एक पेसो कर बसवला. पहिल्या वर्षात खरेदी साधारण सहा टक्क्यांनी उतरली. ह्या कराला विरोध करणाऱ्यांत तिथला साखर उद्योगही होता. हे वाचताना आम्ही जरा थबकलो. कारण आपल्या देशातही साखरेचा मोठा भाग आता घरच्या डब्यात जात नाही. शीतपेये, बिस्किटे, मिठाईवाल्यांकडे जातो. पोती आपल्याच गोदामातून भरतात आणि त्याच पैशातून आपल्या उसाचे बिल निघते.

म्हणून हिशेब तरी उघड मांडू. बाटलीवर दर १०० मिलिलिटरला साखर किती ते छापलेले असते. कोला जातीच्या पेयात ती साधारण साडेदहा ग्रॅम असते. ६०० मिलिची बाटली म्हणजे त्रेसष्ट ग्रॅम, चहाच्या चमच्याने सुमारे पंधरा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा पन्नास ग्रॅमच्या आसपास येते, आणि निम्म्यावर आणली तर आणखी चांगले असे म्हटले आहे. लहान पोराला तर त्याहून कमी.

गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितले तेव्हा एका जुन्या सभासदाने विचारले, "मग लोकांनी साखर कमी खाल्ली तर आमच्या उसाचं काय साहेब?" इथेनॉल आहे, सहवीज आहे, असे आम्ही म्हणालो. त्यांचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही पुरते झालेले नाही.

त्या फडाचे सभासद मात्र बैठकीत गप्प होते. ह्या हंगामात त्यांनी टोळीला विहिरीजवळ चुलीसाठी पत्र्याचा आडोसा करून दिला, जळणाला चार मोळ्या काटक्या दिल्या आणि टोळीतल्या एका म्हातारीला तोडणीऐवजी भाकरी करायला बसवून तिची हजेरी स्वतः सोसली. परवा आम्ही गेलो तेव्हा तो पोरगा भाकरी-ठेचा खात होता. खिशात नूडलची पुडी होतीच.