तांबड्या पेशींचा सांभाळ

वैशाखात सकाळचे दूध तापवायचे राहिले, तर दुपारी ते नासते, हे जानेफळकरांना सांगावयास नको. रक्ताचा जिन्नस त्याहूनही नाजूक. म्हणूनच प्रयोगशाळेत तांबड्या पेशी कशा व कशासाठी सांभाळतात, हे आज आपण पाहू.

रक्तगटाची परीक्षा दुहेरी असते. प्रथम रोग्याच्या पेशींत माहितीतले रक्तजल मिसळतात. नंतर उलट, रोग्याच्या रक्तजलात माहितीतल्या ए, बी आणि ओ गटांच्या पेशी मिसळतात. गुठळ्या होतात की नाही, त्यावरून गट ठरतो. या दुसऱ्या परीक्षेसाठी चांगल्या पेशी सदैव हाताशी लागतात.

ही पेशी म्हणजे नाजूक पिशवीच. साध्या पाण्यात ती फुगून फुटते, खारट पाण्यात आकसते. शेकडा ०.९ मिठाच्या पाण्यात तिचा आकार राहतो; पण जगावयास अन्नही हवे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत राउस व टर्नर यांनी १९१६ साली सायट्रेट व साखर यांच्या द्रावणात पेशी टिकवून दाखविल्या. सायट्रेटने रक्त गोठत नाही आणि साखरेवर पेशी जगते. जोडीला २ ते ६ अंश थंडावा असला, की ती काही आठवडे कामी येते. मात्र बर्फ झाला तर स्फटिकांनी पेशी फुटते. गोठवायचीच असेल, तर ग्लिसरीन घालावे लागते. वरचे पाणी लालसर दिसले, की पेशी फुटू लागल्या असे समजावे.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मुंबईतच मिळाले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट ‘लॅन्सेट’मधून जाहीर केला. तोच ‘बॉम्बे’ गट. ए आणि बी ज्यावर उभे राहतात, तो ‘एच’ घटकच या पेशींवर नसतो. त्यामुळे पहिल्या परीक्षेत हे रक्त सरळ ‘ओ’ वाटते. पण त्या माणसाला ओ रक्त दिले, तर प्राणावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. त्याच्या रक्तजलात जपून ठेवलेल्या ओ पेशी घातल्या, की त्यांच्या गुठळ्या होतात आणि घात टळतो.

त्या ओ पेशीच बिघडलेल्या असतील, तर हा इशारा देणार कोण? म्हणून जुन्या कार्डावरचा गट पुरेसा न मानता, रक्त चढविण्यापूर्वी नव्याने तपासणी करतात. नातलगांची घाई आम्ही समजू शकतो. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात शीतकपाटातल्या त्या इवल्या बाटल्या आपल्याच माणसाची राखण करीत असतात, एवढे ध्यानी असावे.