कलाग्रंथांसाठीं द्रव्याच्या नव्या वाटा

चित्र, शिल्प, संगीत अथवा वास्तुकला यांवरील ग्रंथ काढणारा प्रकाशक नेहमींच एका कोंडींत सांपडलेला असतो. कादंबरीच्या मानानें त्याचा वाचकवर्ग थोडा, आणि खर्च मात्र मोठा. उत्तम कागद, रंगीत छपाई, चित्रांच्या हक्कांचें मूल्य हें सर्व पहिली प्रत विकली जाण्यापूर्वींच द्यावें लागतें. ग्रंथ मात्र वर्षानुवर्षें हळूहळू खपतो. हा मधला काळ कसा निभवावा, हीच त्याची खरी चिंता होय.

ही चिंता नवी नाहीं. जॉन जेम्स ऑडुबॉन यानें १८२७ ते १८३८ या काळांत अमेरिकेंतील पक्ष्यांचीं ४३५ भव्य चित्रें प्रसिद्ध केलीं. पदरीं भांडवल नसल्यामुळें त्यानें पांच पांच चित्रांचे ८७ भाग पाडले आणि इंग्लंडांत दर भागास दोन गिनी याप्रमाणें वर्गणीदार मिळविले. आलेल्या वर्गणींतून पुढचा भाग निघे. चित्रांचीं प्रदर्शनें भरवून व तैलचित्रें विकून त्यानें तूट भरून काढली. तरीहि कित्येक वर्गणीदार मध्येंच गळाले, व पूर्ण संच दोनशेंच्या आंतच राहिले. पुढें १८४० पासून त्यानें लहान आकाराची आवृत्ति एकेका डॉलरच्या शंभर भागांत काढली, तेव्हां हजारावर ग्राहक लाभले. मोठ्या ग्रंथानें कीर्ति दिली. संसार चालविला तो लहान ग्रंथानें.

दुसरी वाट आश्रयदात्याची. मुंबईंत १९४६ सालीं मुल्कराज आनंद यांनीं ‘मार्ग’ हें कलाविषयक नियतकालिक काढलें, तेव्हां टाटा समूहानें जागा व जाहिराती देऊन हातभार लाविला. आज अशा आश्रयास कायद्याचाहि आधार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा निदान २ टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो, आणि त्या कार्यांच्या यादींत कला व संस्कृति यांचें संवर्धन येतें. मात्र हा पैसा प्रकाशकाच्या खासगी नफ्यासाठीं नसतो. त्यासाठीं नोंदलेला सार्वजनिक न्यास अथवा तत्सम ना-नफा संस्था असावी लागते.

जुन्या वर्गणीचें नवें रूप म्हणजे २००९ सालीं अमेरिकेंत निघालेलें किकस्टार्टर. ठरलेली रक्कम मुदतींत जमली तरच तेथें वाचकाचे पैसे घेतले जातात. परंतु येथें सावधगिरी हवी. वाचकांकडून आगाऊ द्रव्य घेऊन ग्रंथ काढणारी लंडनची अनबाउंड ही संस्था २०११ सालीं निघाली आणि २०२५ सालीं बुडाली. तेव्हां अनेक लेखकांचें देणें थकलेलें होतें.

म्हणून वर्गणीदाराचा पैसा ही कमाई नव्हे, तें ऋण होय, हें प्रकाशकानें विसरूं नये. तो वेगळ्या खात्यांत ठेवावा, ज्या ग्रंथासाठीं घेतला त्यासाठींच खर्चावा, आणि विलंब होणार असल्यास आधींच कळवावें. थोड्या वाचकांवर चालणाऱ्या धंद्यांत एकदां गेलेला विश्वास भरून काढण्यास दुसरे वाचक मिळत नाहींत.