लष्कराचे रूपक आणि स्त्रीदेहातील विषाणू

म्हैसूर येथील लष्कर मोहल्ला आणि पुण्यातील लष्कर भाग यांच्या नावांत एकच फारसी शब्द आहे. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांना तो आता परका वाटत नाही. रोगप्रतिकाराविषयी लिहिताना मराठी लेखक सहसा याच शब्दकुळाचा आधार घेतो : पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, शरीर म्हणजे किल्ला, रोगजंतू म्हणजे शत्रू. अनेक रोगांच्या बाबतीत हे रूपक उपयोगी पडते. एचआयव्हीच्या बाबतीत, विशेषतः स्त्रीच्या जननमार्गात, ते विपरीत ठरते.

याचे कारण असे की, हा विषाणू प्रामुख्याने ज्या पेशींत शिरतो, त्या प्रतिकारव्यवस्थेच्याच साहाय्यक टी-पेशी होत. त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी४ आणि बहुधा सीसीआर५ या प्रथिनांना धरून तो आत प्रवेश करतो. योनिमार्गाचे अस्तर अनेक थरांचे, तर गर्भाशयग्रीवेच्या आतील भागाचे एकाच थराचे असते. अस्तर अखंड आणि स्राव निरोगी असेल, तर बहुतेक विषाणू बाहेरच अडकतात. परंतु व्रण वा अन्य लैंगिक संसर्गामुळे दाह उत्पन्न झाला, की याच पेशी तेथे मोठ्या संख्येने जमतात, आणि विषाणूला हवे ते आयते मिळते. हर्पीजवरील औषध नियमित देऊनही एचआयव्हीची लागण घटली नाही, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. त्याचा उलगडा २००९ मध्ये झाला : व्रण भरल्यावरही त्या जागी या पेशी कित्येक आठवडे टिकून राहतात.

रूपकातील हा दोष केवळ शैलीचा नव्हे. किल्ला पडला की ठपका किल्लेदारावर येतो. येथे तो स्त्रीवर येतो. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली आढळली. पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियाही त्यांत होत्या. उलटपक्षी, बाधित जोडीदारावर लवकर उपचार केल्यास त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ साली ज्या चाचणीने दाखविले, तिच्या केंद्रांत पुणे आणि चेन्नई यांचा समावेश होता.

तात्पर्य, स्त्रीचे रक्षण तिच्या देहातील सैन्य वाढविण्याने होत नाही. दाहाचा वेळीच उपचार आणि पुरुषाचा औषधोपचार यांनी ते होते. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने लष्कराची भाषा येथे बाजूस ठेवणे इष्ट होय.